२ जानेवारीचा अर्ज

डुलुथ,
९ जानेवारी १९८५

ती. हेल्मीमावशीस,
मार्लिसचा शि. सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. डेलचे मोजे त्याला बरोबर बसले. माझे मात्र तू कुणा राक्षसिणीचं माप घेऊन विणलेस. ते मी दोन मोज्यांवर तिसरा म्हणून घालते, म्हणजे वाया गेले नाहीत.

कारखाना बंद होऊन चार महिने झाले. सोळा वर्षं माल रवाना करायच्या खिडकीत काढली, आता कुठे जाऊन काय सांगायचं तेच कळत नाही. बावीस अर्ज टाकले. तिघांनी 'नाही' कळवलं, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. डेलची पाठ आहे तशीच आहे. नवरोबा खुर्चीत तासभर बसतो, मग जमिनीवर आडवा होतो आणि तिथूनच मला सल्ले देतो. बेकारभत्ता आणि कारखान्याचा विमा, दोन्ही फेब्रुवारीअखेर संपतात. डॉक्टर म्हणतात की ऑपरेशन करायचं तर विमा असेतोवर करा, नाहीतर विसरा.

तू पंचवीस वर्षं खाण कंपनीत माणसं नेमलीस. अर्जाची एक प्रत सोबत ठेवली आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसून तू काय बघायचीस, ते मला सांग. आई असती तर तिला विचारलं असतं, पण ती म्हणाली असती, हेल्मीला विचार.

तुझा लोभ आहेच, तो अर्जासोबत जोडता आला असता तर बरं झालं असतं.

तुझी,
मार्लिस


ईली,
१४ जानेवारी १९८५

चि. सौ. मार्लिस हिस,
हेल्मीमावशीचे अ. उ. आ.

तुझे पाय तुझ्या आजोबांसारखे आहेत अशी माझी समजूत होती. मोजे परत पाठव, मी उसवीन.

तू पाठवलेली अर्जाची प्रत वाचली आणि चष्मा काढून ठेवला. तू लिहिलंस की मी मेहनती व प्रामाणिक आहे. अगं, मेहनती नि प्रामाणिक तर आमचा पोस्टमनही स्वतःला म्हणवतो, आणि त्याने माझी पार्सलं तीनदा हरवली आहेत. पहिल्या ओळीत लिही की रोज चाळीस ट्रक वेळेवर रवाना केले आणि सोळा वर्षांत एकाही गाडीचा कागद चुकला नाही. आकडा वाचला की माणूस क्षणभर थांबतो. त्याला थांबवायचं, एवढंच अर्जाचं काम.

मुलाखतीला बर्फाचे बूट घालून जा, पण पिशवीत साधे बूट ने आणि दाराशी बदल. कारखाना बंद पडल्याचं एका वाक्यात सांग आणि पुढे हो, रडगाणं गाऊ नकोस. डेलच्या पाठीचा विषय काढू नकोस. त्यांनी विचारलंच तर घरची व्यवस्था आहे म्हण. 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं ते शेवटी विचारतात, तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्या बाईला मी स्वतः कितीदा मागे सारलं आहे. विचार, की ही खुर्ची रिकामी का झाली. रिकाम्या खुर्चीचं कारण कळलं की त्या कचेरीचं सगळं कळतं.

आता पगार. आकडा आधी तू बोलायचा नाहीस. आधीच्या माणसाला काय मिळायचं आणि तेच काम करणाऱ्या पुरुषाला काय मिळतं, ते बाहेरून काढ. मग तुझा आकडा सांग, पूर्णविराम दे आणि तोंड मीट. कारणं देऊ नकोस, हसू नकोस, 'म्हणजे जमलं तर' असं शेपूट लावू नकोस. आपण फिनिश लोक गप्प बसण्यात पटाईत, असं सगळे म्हणतात. खरं आहे, पण आपण चुकीच्या वेळी गप्प बसतो. मागायच्या आधी गप्प बसतो. गप्प बसायचं ते मागून झाल्यावर.

इथे उणे तीस आहे. वाफ घ्यायला साउना रोज तापवते. आताशा आत एकटं बसवत नाही, पण ते म्हातारपण असेल.

डेलला जमिनीवरच आशीर्वाद. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच ठेव, वाढवायची गरज नाही.

मावशी


डुलुथ,
२६ जानेवारी १९८५

ती. हेल्मीमावशीस,
सा. न. वि. वि.

चाळीस ट्रक कामी आले. वर्तमानपत्रात नुसत्या टपालपेटीचा क्रमांक दिलेली एक जाहिरात होती, तिथून बोलावणं आलं. बंदरावरचं धान्याचं ऑफिस, बर्गस्ट्रॉम म्हणून मालक आहेत. कुठलं जहाज कधी लागणार, किती गहू भरणार, त्याचे कागद तयार करायचे. काम माझ्याच जातीचं, ट्रकऐवजी जहाज.

बूट दाराशी बदलले. मालक पन्नाशीचे, सभ्य, खिडकीबाहेर बघत बोलतात. पंचवीस मिनिटं झाली आणि त्यांनी विचारलं, काही विचारायचंय का. मी तुझा प्रश्न विचारला.

मावशी, ती खुर्ची जिची होती ती बाई त्याच खुर्चीत गेली. डिसेंबरच्या अठरा तारखेला, हंगामातलं शेवटचं जहाज सुटल्यावर. जेवणाच्या सुट्टीनंतर ती येऊन बसली आणि पाच वाजता दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा लोकांना कळलं. डॉक्टर म्हणाले, दोनच्या सुमारासच गेली होती. मालकांनी हे सांगितलं आणि वर म्हणाले की तिच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत, एकोणतीस वर्षांत तिने कधी काही मागितलं नाही.

बाहेर ग्लॅडिस म्हणून टेलिफोनवर बसणारी बाई आहे. तिने मला कॉफी दिली आणि दाराकडे बघत हळूच सांगितलं. त्या दिवशी साडेतीन वाजता ग्लॅडिसने त्या बाईसमोर कॉफीचा कप ठेवला आणि शेजारी उभं राहून आपल्या मुलीच्या लग्नातल्या पोशाखाची सगळी हकिगत सांगितली. मग ऐकून घेतलंस म्हणून आभार मानले आणि जागेवर गेली. ती म्हणते की नेहमीपेक्षा काही वेगळं वाटलंच नाही, ती बाई नेहमी तशीच ऐकायची. त्या बाईचा करडा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. कुणी उचलत नाही. ग्लॅडिस म्हणते, संध्याकाळी खुर्ची टेबलात सारून जावी, तर सकाळी ती खिडकीकडे वळलेली असते. झाडूवाला फिरवत असेल, असं मी म्हटलं. तर तो नाताळापासून त्या खोलीत शिरतच नाही.

त्या बाईचं नाव व्हिएनो सोर्व्हारी. फ्लडवुडकडची, म्हणजे आपल्यातलीच. तू कधीतरी डुलुथला टायपिस्ट होतीस ना? आई तेवढंच बोलायची. ही तुला कधी भेटली होती का?

पुढच्या आठवड्यात दोन दिवस काम करून दाखवायचं आहे, मग पगाराचं बोलणं. तू ये असं म्हटलं असतंस तर मी आज तुझ्याकडेच आले असते.

मार्लिस


ईली,
२९ जानेवारी १९८५

चि. मार्लिस हिस,
अ. आ.

ती नोकरी घेऊ नकोस.

बंदरावरचा वारा वाईट, ऑफिस जुनं, जिने निसरडे. इथल्या इस्पितळाच्या कपडेधुलाईत देखरेखीची जागा निघणार आहे, मी आज बोलून आले. पगार कमी आहे, पण तू आणि डेल माझ्याकडे राहा. वरची खोली मी झाडून ठेवली.

व्हिएनो नाव आपल्यात पुष्कळ बायकांचं असतं.

मावशी


डुलुथ,
३ फेब्रुवारी १९८५

ती. हेल्मीमावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र डेलने दोनदा मोठ्याने वाचलं. जिने निसरडे म्हणून नोकरी सोडायला सांगणारी तू नव्हेस. त्या ऑफिसला जिने आहेत, हे मी तुला लिहिलंही नव्हतं.

दोन दिवस काम केलं. लोक फोनवर अजून व्हिएनोला मागतात. काल विनिपेगहून एका माणसाने विचारलं, मी ती गेल्याचं सांगितलं. मग म्हणाला की वीस वर्षं रोज बोलायचो, पण ती कशी दिसायची ते ठाऊक नाही. दोन ते पाच ही वेळ मला जड जाते. त्या वेळेत मी मुद्दाम काहीतरी आवाज करत राहते, म्हणजे मी जिवंत आहे हे कळावं.

खालच्या खणात तिच्या रबरी बुटांखाली एक जाड पाकीट सापडलं. आत अर्ज आहेत. टाईप केलेले, नीट सह्या केलेले, प्रत्येकावर २ जानेवारी ही तारीख. पहिला १९५८ चा. दर वर्षी एक. विनंती एकच, की ह्याच कामाचा पुरुषांना जो पगार मिळतो तो मला मिळावा. एकही दिलेला नाही, कारण इथे आलेल्या प्रत्येक कागदावर पोचल्याचा शिक्का बसतो आणि ह्यांच्यावर तो नाही. मी मोजले, अठ्ठावीस आहेत. चौऱ्याऐंशीपर्यंत सत्तावीसच व्हायला हवेत, म्हणून पुन्हा मोजले. शेवटचा २ जानेवारी १९८५ चा आहे. जाण्यापूर्वी तिने तो आधीच टाईप करून, सही करून ठेवला होता. माझ्या हातात मेल्यानंतरच्या तारखेचा कागद होता, मावशी. मी तो पटकन खाली ठेवला.

पहिल्या अर्जात 'मी' नाही, 'आम्ही दोघी' आहे. खाली सह्यांसाठी दोन रेघा आहेत. एकीवर तिची सही, दुसरी कोरी, आणि तिच्याखाली टाईप केलंय: मिस हेल्मी साल्मिनेन.

पाकिटात एक नाताळचं कार्डही होतं. बंद, तिकीट लावलेलं, तुझ्या ईलीच्या पत्त्याचं. ते न उघडता सोबत पाठवते आहे.

बारा तारखेला पगाराचं बोलणं आहे. त्याआधी मला खरं काय ते कळव. गोड गोड लिहू नकोस.

मार्लिस


ईली,
७ फेब्रुवारी १९८५

चि. मार्लिस हिस,
आशीर्वाद देते, घ्यायचे का ते तू ठरव.

आमची टेबलं शेजारी होती. तुझी आता आहे ती खिडकी आमच्या दोघींची. थोरले बर्गस्ट्रॉम मालक होते, तुझ्या मालकांचे वडील. सत्तावन्न साली क्लॅरन्स नावाचा पोरगेला माणूस आला. त्याला काम आम्हीच शिकवलं. नोव्हेंबरात त्याचं पगाराचं पाकीट चुकून व्हिएनोच्या हाती आलं. आम्हाला तासाला एक डॉलर पाच सेंट, त्याला एक नव्वद.

आपण दोघींनी मिळून मागायचं, असं मी म्हटलं. मीच. ती घाबरत होती. तिच्या नावाचा अर्थच मवाळ, आणि ती तशीच होती. मी तिला आठवडाभर पढवलं, उभं कसं राहायचं, किती बोलायचं. तुला जे लिहिलं ना, पूर्णविराम दे आणि तोंड मीट, ते पहिल्यांदा मी तिला सांगितलं होतं.

२ जानेवारीला सकाळी म्हाताऱ्याने मला एकटीलाच आत बोलावलं. त्याला कुठून तरी कळलं होतं. तो ओरडला नाही. म्हणाला की तू हुशार आहेस, हिबिंगच्या खाण कंपनीत माझे मेहुणे माणसं नेमायच्या खात्यात बाई शोधताहेत, पगार दुप्पट. शिफारस आजच देतो. फक्त हा विषय इथे पुन्हा निघता कामा नये. तुझी आई तेव्हा आजारी होती, तू चौदा वर्षांची होतीस, हे सगळं खरं आहे. पण ती कारणं मी नंतर गोळा केली. त्या खोलीत मी फक्त 'हो' म्हटलं, आणि ते म्हणायला मला एक मिनिटही लागलं नाही.

बाहेर व्हिएनो अर्ज हातात धरून उभी होती. मी तिला सांगितलं, मालक म्हणतात ह्या वर्षी नको, पुढच्या जानेवारीत बघू. शुद्ध थाप. तिने मान डोलावली आणि अर्ज खणात ठेवला. महिन्याभरात मी हिबिंगला गेले.

दर नाताळला तिचं कार्ड यायचं. खाली एकच ओळ: ह्या जानेवारीत देऊ का? तू माणसं नेमतेस, तुला कळतं. आणि मी दर वर्षी उत्तर लिहायची, अजून थोडं थांब. तिने मागितलं असतं आणि बर्गस्ट्रॉम म्हणाला असता की असं काही ठरलंच नव्हतं, तर माझी थाप उघडी पडली असती. एवढ्यासाठी. पंचवीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसले, आणि कमी पगाराला गुपचूप 'हो' म्हणणारी प्रत्येक बाई मला तिच्यासारखी दिसली. त्यांना मी कमीच दिला.

ह्या नाताळला कार्ड आलं नाही. मार्लिस, मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले. ती गेली हे मला तुझ्या पत्रातून कळलं. पण त्याच्या आधी, नाताळच्या दिवसांपासूनच, साउनात वरच्या बाकावर माझ्या शेजारी कुणीतरी बसतं. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ होते, मी श्वास सोडते आणि शेजारी आणखी एक श्वास सुटतो. मी वळून बघत नाही. ती काही मागत नाही. नुसती बसते. तिला मी कशी ओळखणार नाही?

तू पाठवलेलं कार्ड काल उघडलं. ह्या खेपेला तिने विचारलेलं नाही. लिहिलंय, हेल्मी, ह्या दोन तारखेला मी अर्ज देणार आहे. तुझं उत्तर येईतो थांबणार नाही, म्हणून आधीच कळवते, रागावू नकोस.

ती नोकरी घेऊ नकोस असं मी लिहिलं, ते तुझ्यासाठी नव्हतं. मला खण उघडला जायला नको होता. आता उघडलाच आहे तर घे. पण तिच्या भावात घेऊ नकोस. पलीकडच्या सुपीरियर गावातल्या शाखेत हेच काम करणाऱ्या माणसाला काय मिळतं ते ग्लॅडिसला विचार, फोनवर बसणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं. विमा कुठल्या तारखेपासून, ते लेखी माग. आणि तिचे अर्ज हत्यार म्हणून वापरू नकोस. तुझं तू माग.

हेल्मी


डुलुथ,
१५ फेब्रुवारी १९८५

हेल्मीमावशीस,

काय घडलं ते कळवणं भाग आहे, म्हणून लिहिते. वरचे नमस्कार आज लिहवले नाहीत.

ग्लॅडिसने सांगितलं, सुपीरियरच्या माणसाला तासाला नऊ चाळीस. व्हिएनोला शेवटी सहा दहा मिळत होते. बारा तारखेला मालकांनी मला आकडा विचारला. मी म्हटलं, तुम्ही काय योजलंय ते आधी ऐकते. ते म्हणाले सहा दहा, आणि ह्या जागेला नेहमी तेवढेच असतात असं वर सांगितलं. मी म्हटलं, नऊ डॉलर, आणि विमा एक मार्चपासून. मग तोंड मिटलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. रेडिएटर ठोके देत होता. मालक हंगामाबद्दल बोलले, गव्हाच्या भावाबद्दल बोलले, सरकारला दोन शिव्या दिल्या. मी हसले नाही. माझ्या मागे दार उघडं होतं आणि दारातून ती खुर्ची दिसत असणार, कारण बोलता बोलता ते माझ्या खांद्यावरून तिकडे बघू लागले. बघतच राहिले. त्यांच्या कपाळाला घाम आला. शेवटी म्हणाले, आठ पंचवीस, विमा एक मार्चपासून. मी म्हटलं, उद्यापर्यंत विचार करते, मला हे कागदावर द्या. त्यांनी दिलं. मी मागे वळले तेव्हा खुर्ची टेबलात नीट सारलेली होती. त्यांना काय दिसलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी 'हो' कळवलं, सही केली आणि मगच व्हिएनोचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. हे माझ्या पगारासाठी नाही, तुमच्या नावाने आलेलं टपाल आहे, एवढंच म्हटलं. त्यांनी एकेक वाचला. पहिल्यावर जास्त वेळ थांबले. शेवटच्याची तारीख बोटाने चाचपली आणि म्हणाले की हा कागद आणि शाई दोन्ही कंपनीची आहेत. मला वाटलं, आता ह्यांच्या थोबाडीत मारावी. मग दिसलं की त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. पाकीट घेऊन ते बाहेर ग्लॅडिसकडे गेले आणि टेबलावर ठेवून उभे राहिले. ग्लॅडिसने काही न विचारता अठ्ठावीसही कागदांवर पोचल्याचा शिक्का मारला. प्रत्येक ठोक्याला आम्ही तिघंही दचकत होतो.

डेलचं ऑपरेशन वीस मार्चला ठरलं. तो खूश आहे. मी त्या खुर्चीत बसते. स्वेटर मागच्याच आठवड्यात घडी करून ग्लॅडिसने फ्लडवुडला पाठवला, तिथे तिचा भाऊ आर्वो असतो. त्याची चिठ्ठी आली, आभार मानलेत.

तुझा सल्ला खरा ठरला, तो मी वापरला आणि माझं घर उभं राहिलं. तो तुला कशावरून सुचला ते मात्र विसरता येत नाही. दुपारी दोनला घड्याळाकडे बघते आणि तुझा राग येतो. आर्वोला काही माहीत नाही. ते सांगणं माझं काम नाही.

मार्लिस


ईली,
२४ फेब्रुवारी १९८५

चि. मार्लिस हिस,

काल फ्लडवुडला जाऊन आले. रस्ता गोठलेला होता, चार तास लागले. आर्वो सत्तरीचा आहे, एकटा, आठ गाई. मी नाव सांगितलं तर त्याने मला दोन्ही हातांनी धरून आत नेलं. व्हिएनो सुट्टीत आली की माझ्याबद्दल बोलायची, असं म्हणाला. तिची हिबिंगची मैत्रीण, मोठ्या हुद्द्यावरची, तिचं भलं बघणारी. वेलदोड्याचा पाव कापला, कॉफी ओतली, स्वतः उभा राहिला आणि मला बसवलं. म्हणाला, तिला तुमच्याखेरीज कुणी नव्हतं.

तिथून न बोलता निघता आलं असतं. त्याला समाधान होतं, मला कॉफी मिळाली होती. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या जानेवारीपासून शेवटच्या कार्डापर्यंत. कारणं दिली नाहीत. सांगून झाल्यावर गप्प बसले.

तो टोपी हातात फिरवत ऐकत होता. मग म्हणाला, धारा काढायची वेळ झाली. घड्याळात दीड वाजला होता. कोट न घालताच तो गोठ्यात गेला आणि आतून अडसर लावल्याचा आवाज आला. मी तासभर वाट पाहिली. मग दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि बाहेर पडले. गाडीकडे जाताना गोठ्याच्या फळ्यांपाशी थांबले. आत तो गाईंशी बोलत होता. आवाज हुबेहूब तिचा, तसाच हळू, तसाच मवाळ. काय बोलतो ते कळेपर्यंत उभं राहायचा धीर मला झाला नाही.

डेलच्या ऑपरेशनला यायची इच्छा आहे. तू 'ये' म्हटलंस तर येईन, 'थांब' म्हटलंस तर थांबेन. किती ते विचारणार नाही.

लोभ असावा, हे मागायचा हक्क आता माझ्याकडे नाही. तरी मागते.

हेल्मी